रफूताईने सोडलेलं टोक

रफूताई पहिल्यांदा लक्षात आली ती तिच्या मानेमुळे. लाँड्रीच्या काचेआड, काउंटरच्या डाव्या अंगाला एक टेबल होतं. टेबलावर वाकड्या मानेचा दिवा होता आणि त्या दिव्याइतकीच मान वाकवून एक बाई बसलेली होती. दार उघडलं, गिऱ्हाईक खाकरलं, मालकांच्या हातून हँगरचा जुडगा खणखणत खाली पडला, तरी तिची मान हलली नाही. वर्गात असं एखादंच मूल असतं. बाहेर कितीही गोंधळ असो, गणित सुटेपर्यंत ते मान वर करत नाही. अशा मुलाकडे शिक्षकाचं लक्ष आपोआप जातं.

त्या दिवशी शाळेतला एक कोट काउंटरवर आला होता. बाहीला वाटाण्याएवढं भोक. मालकांनी तो तिच्याकडे सरकवला. तिने भिंग लावून पाहिलं आणि वर न बघताच म्हणाली, "ॲसिड. खडूही आहे. मास्तर लोकांचा दिसतोय." चार दिवसांनी कोट परत मिळाला तेव्हा भोक कोणत्या बाहीला होतं हेच कुणाला सांगता येईना.

तिचं खरं नाव मालकांच्या वहीत असेल. बाकी सगळे तिला रफूताईच म्हणत, अगदी तिच्याहून वीस वर्षांनी मोठी माणसंसुद्धा. हे काम तिला आईने शिकवलं होतं आणि आईचे नियम तिने देवाच्या आज्ञेसारखे पाळले होते. बाहेरचा धागा वापरायचा नाही. त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून, दुमडीतून धागा काढायचा आणि सुईने एक वर एक खाली असं विणत भोक भरायचं. सगळ्यात शेवटी टोक बंद करायचं. म्हणजे उरलेला धागा उलटा फिरवून तीन वेळा आत घ्यायचा आणि नखाने दाबायचा. टोक बंद केलं नाही, तर काम आठ दिवस झकास दिसतं आणि नवव्या दिवशी उसवतं. आई म्हणायची, "भरलेलं लोकांसाठी, टोक आपल्यासाठी."

भोक कशाने पडलं हे तिला कपडा न बोलता सांगायचा. कसर लागली असेल तर कडा कुरतडलेल्या, गोलसर. खिळ्यात अडकला असेल तर धागे एका बाजूला ओढलेले. ठिणगी पडली असेल तर टोकं करपलेली. गिऱ्हाइकं थापा मारत. "बसमध्ये अडकला हो." ती "बरं" म्हणायची आणि करपलेलं टोक कात्रीने कापून टाकायची. कुणाचं बिंग तिने कधी फोडलं नाही.

नवरा पंप दुरुस्त करायचा, म्हणून सगळे त्याला पंपवालेच म्हणत. मोठमोठ्या इमारतींच्या तळघरांत पाण्याच्या मोटरींशेजारी बसून त्याचे कान थोडे मंद झाले होते, म्हणून घरात तो जरा मोठ्यानेच बोलायचा. बोलायचा म्हणजे कमीच. त्याच्याकडे तीन प्रकारचे "हं" होते: एक होकाराचा, एक नकाराचा, आणि एक म्हणजे मी ऐकलंच नाही. सतरा वर्षांच्या संसारात तिला ते तिन्ही ओळखता येऊ लागले होते. माणूस नेक. तिची आई शेवटचे आठ महिने अंथरुणाला खिळली तेव्हा तिला उचलून बाहेर उन्हात बसवायचं काम याने एकदाही चुकवलं नाही. पण त्याचं लक्ष म्हणजे बंद पडलेल्या वस्तूंकडे. जे चालू आहे त्याच्याकडे तो कशाला बघेल?

त्याचा एक राखाडी स्वेटर होता. तळघरातल्या पाइपांवर कोपरं घासून तो दर वर्षी विरायचा आणि दर वर्षी रफूताई तो मुकाट्याने भरायची. पाहुण्यांपुढे पंपवाले छाती फुगवून सांगायचे, "अकरा वर्षं झाली या स्वेटरला. एक टाका गेला नाही. पूर्वीचा माल तो पूर्वीचा माल!" रफूताई तेव्हा स्वयंपाकघरात भांडी जरा जास्तच वाजवायची.

अशा घडीला लाँड्रीत दातांचे डॉक्टर आले.

त्यांचा दवाखाना समोरच्याच गल्लीत होता. पन्नाशीच्या आतबाहेरचे, बायको जाऊन सहा वर्षं झालेली, बोलणं हळू. पहिला कोट दाराच्या खिट्टीत अडकून फाटला होता, अगदी खरोखर. तो परत न्यायला आले तेव्हा त्यांनी कोट उचलून खिडकीत नेला, उलटा केला, सुलटा केला, आणि म्हणाले, "कुठे होतं?"

रफूताईची मान वर झाली. बावीस वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. लोक कोट घडीत घेऊन जात. दिसत नाही ना, मग संपलं. तिने उठून बोट ठेवलं, "इथे."

"इथे? शक्यच नाही." डॉक्टरांनी चष्मा कपाळावर चढवला. "मीसुद्धा दिवसभर भोकंच बुजवतो, ताई. पण माझं काम असं नाही जमत. आणि जमलं तरी बघायला तोंडात कोण जातंय?"

ती हसली. कितीतरी दिवसांनी लाँड्रीत मोठ्याने हसली.

तीन आठवड्यांनी एक जाकीट आलं, मग एक पँट, मग पुन्हा एक कोट. दर वेळी तोच खेळ. डॉक्टर खिडकीत शोधायचे, हरायचे, आणि ती बोट ठेवून दाखवायची. मागे इस्त्रीवाल्या मावशी उभ्या असायच्या. वाफेच्या ढगातून त्यांचं फक्त तोंड दिसे, पण ते पुरेसं होतं.

"काय गं, या डॉक्टरच्या कपाटात उंदीर आहेत की वाघ?"

"मावशी, इस्त्री बघा. कॉलर जळेल."

"कॉलर नाही जळत माझी. मला आपलं वाटलं, दात उपटताना पेशंट चावत असतील. एवढे कोट फाटतात म्हणजे!"

रफूताईने मान खाली घातली. कारण जाकिटाच्या भोकावर भिंग धरलं त्याच दिवशी तिला कळलं होतं. सगळे धागे एका लांबीचे, कवायतीला उभ्या केलेल्या मुलांसारखे एका ओळीत कापलेले. ना खिळा, ना कसर. ब्लेड होतं ते. एक शहाणासुरता माणूस घरी बसून स्वतःच्या चांगल्या जाकिटाला ब्लेडने भोक पाडतो, ते केवळ ते भोक घेऊन इथे येता यावं म्हणून. तिने भिंग खाली ठेवलं आणि दिवा विझवून पुन्हा लावला, उगाच. मग तिने ते भोक भरलं, नेहमीपेक्षा सुंदर भरलं.

तिला डॉक्टर आवडायला लागले होते. हे वाक्य तिने स्वतःशी बरेच दिवस पूर्ण होऊ दिलं नाही. "भला माणूस आहे" इथपर्यंत यायची आणि थांबायची. पण सकाळी निघताना आरशासमोर दोन मिनिटं जास्त जाऊ लागली. काचेवर सावली पडली की सुई थांबू लागली. घरी पंपवाल्यांचा "हं" पूर्वीपेक्षा जास्त टोचू लागला. नवऱ्यात नवा दोष काही आला नव्हता. तुलना करायला माणूस आला होता.

पाचवा कपडा निळसर जाकीट होता. खिशाजवळ, पुन्हा ब्लेड. तिने ते भरलं, शेवटचा धागा उलटा फिरवला, एकदा आत घेतला. आणि तिथेच थांबली. दुसरा फेरा घेतला नाही, तिसरा घेतला नाही, नखाने दाबलंही नाही. सुई उशीत टोचली आणि जाकीट हँगरला लावलं. आठ दिवसांत ते सुटणार हे तिला ठाऊक होतं. सुटलं की डॉक्टरांना यावं लागेल, त्यासाठी नवीन भोक पाडायचीही गरज नाही.

ते जाकीट न्यायला आले तेव्हा डॉक्टरांनी विचारलं. पुढच्या गावी जुन्या विणकामाचं प्रदर्शन भरलं होतं. तीनशे वर्षांपूर्वीचे गालिचे, रफू केलेले, आणि रफू कुठे आहे हे तज्ज्ञांनाही सांगता येत नाही असे. "गुरुवारी तुमची लाँड्री बंद असते. सकाळी सव्वानऊची गाडी आहे, संध्याकाळी परत. तुमच्याशिवाय मला ते कुणी समजावून सांगणार नाही." मग थोडं थांबून, खाली बघत म्हणाले, "आणि खरं सांगायचं तर, नुसत्या गालिच्यांसाठी मी विचारत नाहीये."

"बघते," रफूताई म्हणाली. या "बघते" मध्ये नकार नव्हता, हे दोघांनाही कळलं.

घरी पंपवाले जमिनीवर वर्तमानपत्र पसरून एक मोटर उघडून बसले होते. ती पाठमोरीच म्हणाली, "गुरुवारी मोठ्या ताईकडे जाऊन येते म्हणते."

"जा की. बरेच दिवस गेली नाहीस." आणि मग, मोटरीतून डोकं वर काढत, "तिची मोटर आवाज करते म्हणाली होती. सतत करते की सुरू होताना, एवढं विचारून ये. जाताना मी एक वॉशर देतो, तो दे तिला."

खोट्याचं असं असतं. आपण एक पिल्लू सोडतो, आणि त्याला लगेच पाय फुटतात. आता तिला ताईच्या मोटरीचा आवाजही घडवून आणायचा होता. संध्याकाळी पंपवाल्यांनी तो वॉशर कागदात गुंडाळून तिच्या पिशवीत टाकला, हरवू नये म्हणून कागदावर "ताई" असं लिहून. रफूताईला तो कागद बघवेना.

बुधवारी दुपारी डॉक्टर लाँड्रीत आले. हातात निळसर जाकीट, चेहऱ्यावर लपवता न येणारा आनंद.

"सुटलं! तुमच्या हातचं सुटलं, ताई. मला तर बरंच वाटलं. म्हणजे तुम्हीही माणूसच आहात."

मालक काउंटरवर पावत्या लावत होते. त्यांनी मान वर केली आणि त्यांचा चेहरा बदलला. "अहो डॉक्टर, असं होणार नाही. तुम्हीच कुठेतरी अडकवलं असेल. आमच्या रफूताईचं टोक सुटत नाही. बावीस वर्षांत एक सुटलेलं नाही. हवं तर लिहून देतो."

ते रागाने बोलले नव्हते. पाऊस वरून पडतो म्हणावं तसं बोलले होते. रफूताईने जाकीट घेतलं आणि भिंगाखाली धरलं. एका बाजूला डॉक्टरांच्या ब्लेडने सरळ कापलेले धागे, दुसऱ्या बाजूला तिचं अर्धवट सोडलेलं टोक. नखाएवढ्या जागेत दोन शहाण्या माणसांची लबाडी शेजारीशेजारी बसली होती. डॉक्टरांची बघून तिला हसू आलं असतं. स्वतःची बघून नाही आलं. भोक पाडणं हा त्यांचा धंदा नव्हता. टोक बंद करणं हा तिचा होता.

"काका," ती मालकांना म्हणाली, "डॉक्टरांनी काही केलं नाही. टोक मी बंद केलं नव्हतं."

मालकांनी पावत्या बाजूला ठेवल्या. "डोळे तपासून घे बाई एकदा," एवढं म्हणून ते आत गेले. जाताना त्यांनी डॉक्टरांची माफी मागितली, आणि ती ऐकताना रफूताईला आपल्या कानशिलात बसल्यासारखं झालं.

"बसा," ती डॉक्टरांना म्हणाली.

ते स्टुलावर बसले. तिने त्यांच्यासमोर सुटलेला भाग काढला, दुमडीतून नवा धागा ओढला आणि भरायला घेतलं. पंधरा मिनिटांत भोक भरलं. टोक उलटं फिरवून तिने ते आत घेतलं: एकदा, दोनदा, तीनदा. नखाने दाबलं. मग हात मांडीवर ठेवून बोलायला लागली. मागे इस्त्रीची वाफ एकदम थांबली. मावशी असतील तिथे श्वास धरून उभ्या असणार.

"डॉक्टर, हे भोक ब्लेडचं आहे. आधीची तीनही. मला पहिल्यापासून माहीत होतं."

डॉक्टरांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. "मी... काय बोलू?"

"काही नका बोलू. मी सांगितलं नाही, कारण मला आवडत होतं. आणि हे टोक चुकून राहिलं नाही, मी मुद्दाम सोडलं. तुम्ही यावं म्हणून. तेव्हा तुमच्यापेक्षा माझं जास्त चुकलंय."

"ताई, उद्या..."

"उद्या मी येणार नाही. यायची इच्छा नाही म्हणून नाही. आहे, म्हणूनच."

डॉक्टरांनी जाकीट हातात घेतलं. मग उठले. त्यांनी या वेळी जाकीट खिडकीत नेलं नाही. दारात वळून म्हणाले, "पंपवाले नशीबवान आहेत."

"त्यांना अजून माहीत नाही," रफूताई म्हणाली. "आज कळेल."

दार बंद झालं आणि वाफ पुन्हा फुस्स करून सुटली. मावशी बाहेर आल्या आणि त्यांनी काही न बोलता स्वतःच्या डब्याचं झाकण उघडून तिच्यापुढे सरकवलं. मावशींनी गप्प राहण्याची त्या वर्षातली ती एकमेव वेळ असावी.

कुणी म्हणेल, इथे संपवता आलं असतं. टोक बंद झालं, गाडी चुकली, नवऱ्याला सांगायचं काय अडलं होतं? पण पिशवीत तो वॉशर होता. पंपवाले साडेपाचला आले, साबणाने दोनदा हात धुतले, आणि तिने वॉशर त्यांच्यासमोर ठेवला.

"हा परत घ्या. मी ताईकडे जाणार नव्हते."

मग तिने सगळं सांगितलं. भोकं, ब्लेड, सोडलेलं टोक, सव्वानऊची गाडी. न रडता सांगितलं, आणि ऐकू जावं म्हणून मोठ्याने सांगावं लागलं. असली गोष्ट मोठ्याने सांगणं फार कठीण.

पंपवाल्यांनी तो वॉशर उचलून बोटांत फिरवला. मग विचारलं, "माणूस चांगला आहे का?"

"चांगला आहे."

"मग वाईट झालं," ते म्हणाले. "हलकट असता तर बरं होतं."

दोन दिवस त्यांनी तोंड उघडलं नाही, तिन्ही प्रकारचे "हं" सुद्धा बंद. जेवले, कामाला गेले, आले. रफूताईने त्यांना मनवायचा प्रयत्न केला नाही. राग त्यांचा होता, तो त्यांनी हवा तेवढा ठेवावा, असं तिचं म्हणणं. तिसऱ्या दिवशी ते एकदम भडकले.

"सांगितलंस कशाला? नसतं सांगितलंस तर मला काय कळणार होतं?"

"तेच ना!" आता तिचाही बांध फुटला. "तुम्हाला काय कळतं? सतरा वर्षांत काय कळलंय?" ती तडक आत गेली, राखाडी स्वेटर आणून त्यांच्या अंगावर टाकला. "काढा. शोधा यात किती भोकं होती ते."

"यात कुठली भोकं? अकरा वर्षं..."

तिने स्वेटर उलटा केला आणि बोट ठेवत गेली. कोपर, दुसरं कोपर, बगल, गळा. इथे. इथे. इथे. तेवीस ठिकाणं भरली. पंपवाले तोंड उघडं टाकून बघत होते.

"हे सगळं तू?"

"नाही, उंदरांनी."

त्यांना हसू आवरलं नाही, आणि हसू आलं याचा रागही आला. पण त्यानंतर ते बोलायला लागले. सगळं एका दिवसात निवळलं असं नाही. वर्षभर तरी लाँड्रीवरून जाताना पंपवाल्यांची नजर समोरच्या गल्लीकडे वळायची, आणि रफूताई ती वळताना बघायची. दोघांनीही बघितलं नाही असं दाखवलं नाही. त्यांच्या घरात ही नवीन गोष्ट होती.

प्रदर्शन संपायच्या आधीच्या रविवारी पंपवालेच म्हणाले, "ते गालिचे बघायचे होते ना तुला? चल." गाडीत ते झोपले. प्रदर्शनातही एका बाकावर अर्धा तास डुलक्या काढल्या. रफूताई चार तास त्या गालिच्यांपुढे उभी होती आणि पहारेकऱ्याने दोनदा तिला दोरीच्या मागे व्हायला सांगितलं. परतताना पंपवाल्यांनी विचार करकरून एक प्रश्न विचारला, "तो मधला मोठा गालिचा कुठेच फाटलेला नव्हता. मग तो तिथे ठेवला कशाला?" रफूताई इतकी हसली की डब्यातली माणसं वळून बघायला लागली. हसता हसता तिने ते रफू कुठे होतं हे त्यांना हवेत बोटाने काढून दाखवलं, आणि त्यांनी मान पुढे करून ते नीट बघून घेतलं.

डॉक्टरांनी पुढे कपडे पाठवले नाहीत. वर्षभराने त्यांच्या दवाखान्यातली नर्स एक स्वेटर घेऊन आली. रफूताईने भिंग लावलं. कसर होती, अस्सल कसर. तिने तो इतर सगळ्यांसारखाच भरून दिला आणि नर्सबरोबर सांगून पाठवलं की, कपाटातल्या कपड्यांना ऊन द्या.

मोहात न पडणारी माणसं मिळतात. त्यांच्या वाट्याला कदाचित मोह आलेलाच नसतो. रफूताई पडली होती, एका फेऱ्यापुरती. आपण कुठे पडलो ती नेमकी जागा तिने भिंगाखाली धरून स्वतः बघितली आणि ज्यांना सांगायला हवं त्यांना, दिवसाउजेडी, सरळ शब्दांत सांगितली. इतकी वर्षं मुलांना खरं बोलायला शिकवूनही आम्हा मास्तर लोकांना असं खरं बोललेलं फार थोड्या वेळा ऐकायला मिळतं.

आता ती अठ्ठावन्न वर्षांची आहे. लाँड्रीतलं तेच टेबल तिने खिडकीशी सरकवून घेतलंय. डोळे पूर्वीसारखे राहिले नाहीत, हे ती गिऱ्हाइकाला कपडा घेण्याआधीच सांगते, आणि काळ्या कापडाचं काम फक्त दुपारी बारा ते तीन या वेळातच करते.